भिंतीवरची अक्षरे आणि ममताचे लाल फडके

मी, बाबाराव सीताराम पाईकराव, वय वर्षे सदुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पेंटर (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. उमरखेडच्या डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली, पण डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावून किंवा गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. थकलो आहे, म्हणून आता करतो.

कलम १. माझी पत्नी रुखमाबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. मुलगा राजदीप, याचे उमरखेडला फ्लेक्स छापण्याचे दुकान आहे. मुलगी ममता, ही नागपूरला चित्रकलेचे शिक्षण घेऊन पुण्यात नोकरी करते. मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय कसे दिसावे, रंग कोणता, अक्षर कोणते, बोट कुठे दाबायचे, हे ठरवण्याचे तिचे काम आहे. गावात लोक विचारत, पोरगी काय करते? मी सांगायचो, माझाच धंदा करते, फक्त शिडी लागत नाही.

कलम २. घर. मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी राजदीप व ममता यांची निम्मी-निम्मी. रस्त्याकडची पुढची खोली देवसिंग राठोड आणि त्याची बायको सुखीबाई यांनी हयात असेपर्यंत चहाच्या टपरीसाठी वापरावी. त्यांच्याकडून भाडे मागू नये. राजदीप, तू नाक मुरडशील. कारण कलम ५ मध्ये आहे, ते वाच आणि मग मुरड.

कलम ३. ब्रश, रंगाचे डबे, सरळ रेघ मारायचा गेरूचा दोरा आणि लाकडी शिडी राजदीपला. शिडीची तिसरी पायरी सैल आहे. बेटा, तू फ्लेक्सचे मशीन आणलेस त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्या मशीनने एका दुपारी जे छापले, त्याला मला आठ दिवस लागले असते. राग तुझ्यावर नव्हता, पण निघाला तुझ्यावरच. तो आता संपला. ब्रश धुऊन ठेवले आहेत.

कलम ४. पोस्टातले जे असेल ते दोघांनी वाटून घ्यावे. त्यावरून भांडू नये, भांडण्याइतके ते नाही. विहारातले तथागतांचे चित्र मी रंगवले असले तरी ते विहाराचे आहे.

कलम ५. भिंती. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

कपाशीत नवे बियाणे आले तेव्हापासून औषधांच्या कंपन्यांनी गावोगावच्या भिंती घेतल्या. मी पुसद, महागाव, उमरखेड अशा तीन तालुक्यांत एका कंपनीच्या भिंती रंगवल्या. कंपनीचे नाव लिहीत नाही, ती आता दुसऱ्या नावाने चालते. माणसाएवढी उंच बाटली, हिरवीगार पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हसरा शेतकरी आणि त्यावर माझे अक्षर. पिवळ्यावर लाल, मागे काळी सावली, वेलांटीला मोराच्या मानेसारखा बाक. लांबून बसमधून लोक ओळखायचे, ही बाबाराव पेंटरची भिंत. बाटलीवर विषाचा लाल त्रिकोण असतो. मी पहिल्या भिंतीवर तो मोठा काढला. कंपनीचा माणूस म्हणाला, "पेंटर, शोभा जाते हो. लहान करा." मी लहान केला. नंतर न सांगताही लहान काढत राहिलो.

शिडी धरायला देवसिंग असायचा. बंजारा तांड्यावरचा, माझ्या बरोबरीचा. हंगामात तो लोकांच्या वावरात फवारणीला जाई. २०१७ साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि अळी काही केल्या मरत नव्हती. दोन बाटल्यांचे औषध एकत्र करून तो फवारत होता. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "सुखी, आभाळ आलं काय व?" आभाळ स्वच्छ होते. तो वाचला, पण नजर परत आली नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याने माझा हात चाचपून पाहिला. बोटांना रंग लागलेला होता. म्हणाला, "कोणती भिंत चालू आहे?" त्यानंतर मी भिंत रंगवली नाही. हात थरथरतो हे कारण मी नंतर सांगू लागलो.

त्या कंपनीच्या माझ्या नऊ भिंती अजून उभ्या आहेत. यादी सोबत जोडली आहे. पहिली भगवानराव कदम यांच्या गोठ्याची. घरमालकांना विचारून त्या सगळ्यांवर चुना मारावा. चांगली अक्षरे आहेत म्हणून एकही ठेवू नये. हे काम राजदीपने करावे, कारण शिडी त्याच्याकडे असेल.

कलम ६. माझ्यावर बौद्ध पद्धतीने संस्कार करावेत. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. राजदीप, फुकट छापून मिळतो म्हणूनही नाही.

कलम ७. अक्षरांच्या नमुन्यांच्या तीन वह्या ममताला. तिने त्या वापराव्यात, जाळाव्यात, तिची मर्जी. यापुढचे जे लिहितो ते खास तिच्यासाठी आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात ममता गावी आली. ती नोकरी करते त्या संस्थेने तिला अ‍ॅप करायला दिले होते. फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी, कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावे, चक्कर आली तर काय करावे, असे सांगणारे. ती म्हणाली, "बाबा, सगळे अ‍ॅप एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. पांढरे, निळे, गुळगुळीत. बारीक करडी अक्षरं. उन्हात काही दिसत नाही. मले असं रूप पाह्यजे का आपल्या माणसाले पाहताच वाटलं पाह्यजे, हे माह्यासाठी आहे."

मी म्हणालो, "मंग माह्या भिंती पाह्य."

आठ दिवस आम्ही दोघे फिरलो. तिने प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, माझ्याकडून एकेक अक्षर वहीत काढून घेतले. जन्मात इतका आनंद मला झाला नव्हता. देवसिंगच्या नजरेचेही काही फेडले जाईल असे वाटले. तिने पडदे तयार केले. तोच पिवळा, तीच काळी सावली, तीच वेलांटी. माझा हात फोनमध्ये चमकत होता.

जूनमध्ये लागवड चालू होती. भर दुपारी ती फोन घेऊन वावरात गेली, मीही गेलो. सुखीबाई दुसरीपर्यंत शिकलेली, मोठे अक्षर लावून लावून वाचते. तिने फोन हातात धरला, लगेच हसली आणि म्हणाली, "पेंटरभाऊ, तुमचीच भिंत हाये न ही!"

ममताने विचारले, "काकू, हे काय सांगून राह्यलं?"

"काय सांगन? औषध घ्या म्हणते."

"काहून? खाली त लिहिलं आहे, दोन औषधं मिसळू नका."

"ते मी कायले वाचू बाई? अशा अक्षरात जे राह्यते ते घ्याचंच राह्यते. पंधरा वर्सं झाले पाहून राह्यलो."

ममताने अजून चार बायांना दाखवले. चौघींनी तेच सांगितले.

घरी येऊन तिने सगळे पडदे पुसले. मी ओरडलो, "तीस वर्षांचा हात फेकून राह्यली तू! त्या बाईच्या एका शब्दावर?"

ती म्हणाली, "बाबा, अक्षर सुंदर आहे. पण त्याचा अर्थ आता कंपनीचा झाला."

मी म्हणालो, "जाय पुण्याले. मले फोन करू नको."

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच सुखीबाईकडे गेली, तिसऱ्या दिवशीही. तिथे तिने विचारले, की इथे जाऊ नये हे तुम्हाला कशावरून कळते? सुखीबाई म्हणाली, फवारलेल्या वावरात ढोरं घुसू नये म्हणून धुऱ्यावरच्या बाभळीला लाल फडके बांधतो, ते पाहिले की लेकरूही थांबते. ममताने तिथूनच नवी सुरुवात केली. पडद्याची जमीन काळी, तिच्यावर दुधाळ, ठसठशीत, अजिबात बाक नसलेले अक्षर. एका पडद्यावर एकच गोष्ट. आणि जिथे जीव जाऊ शकतो तिथे पडदाभर लाल फडके, गाठीसकट. हसरा शेतकरी नाही, फुले नाहीत. शेजारी बोलका आवाज, एक वऱ्हाडी आणि एक तांड्यावरच्यांची गोरबोली. संस्थेच्या साहेबांना ते भकास वाटले, ते दुसऱ्या कोणाचे सुबक काम घ्यायला निघाले होते. राजदीपने मला सांगितले, की ती नोकरी सोडायला तयार झाली, तेव्हा त्यांनी हे घेतले. मी राजदीपच्या फोनवर ते पाहिले आणि म्हणालो, "याले काय रूप म्हणते?"

मागच्या सप्टेंबरात सुखीबाई माझ्याकडे आली. एका वावरात मालकाने दोन बाटल्या पुढे ठेवल्या, एका पंपात टाक म्हणाला. तिने दोन्हीचे फोटो त्या अ‍ॅपला दाखवले. पडदा लाल झाला. तिने पंप खाली ठेवला, तिच्याबरोबरच्या सहा जणींनीही ठेवला. मालकाने शिव्या दिल्या आणि दुसऱ्या बाया बोलावल्या. त्यांनाही हिने पडदा दाखवला. त्याही परत गेल्या. सुखीबाई म्हणाली, "आमच्या ह्यायच्या वख्ती हे असतं त." मग उठता उठता मला म्हणाली, "पोरीले सांगजा."

मी सांगितले नाही. एक वर्ष आठ महिने झाले, मी तिच्याशी बोललेलो नाही.

ममता, तू बरोबर होतीस. माझी अक्षरे सुंदर होती आणि ती खोटे बोलत होती. तुझी साधी आहेत आणि खरे बोलतात. मला हे त्याच दिवशी वावरात कळले होते. मान्य करायची ताकद नव्हती.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर साक्षीदार म्हणून भगवानरावांनी वाचला. चष्मा काढून म्हणाले, "बाबाराव, हे पोरीले तू गेल्यावर वाचाले भेटन. मंग तिनं कोणाशी बोलावं? फोटोशी?"

दुसऱ्या साक्षीदार कांताबाई म्हणाल्या, "भाऊ, सही मंग करा. पयले फोन लावा."

लावला. बराच वेळ वाजला. तिने उचलला. मी कलम ७ वाचून दाखवले, कारण आपणहून बोलायला मला सुचले नसते. शेवटची ओळ वाचताना दम लागला, तो कांताबाईंनी पाणी दिल्यावर बसला. पलीकडे ती नाक ओढत होती. मग म्हणाली, "बाबा, जेवले काय?"

मी म्हणालो, जेवलो.

"एक विचारू? ते लाल. मले अजून वाटते ते जरा गुलाबी पडते उन्हात. तुमच्या डोळ्याले कसं वाटलं?"

मी सांगितले, पडते. त्यात गेरूची एक छटा पाहिजे, धुळीने मळलेल्या फडक्यासारखी, म्हणजे नवे कापड वाटणार नाही. ती म्हणाली, किती? मी म्हणालो, ते फोनवर सांगता येत नाही, समोर बसून मिसळावे लागते. "शनिवारी येतो," म्हणाली.

कलम ७ आता कामाचे राहिले नाही, पण खोडत नाही. वह्या मी शनिवारी हातोहात देईन. बाकी सर्व कलमे कायम. व्यवस्थापक म्हणून भगवानराव कदम यांना नेमतो. वर जे लिहिले ते वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: बाबाराव सीताराम पाईकराव

साक्षीदार १: भगवानराव कदम, शेती, रा. फुलसावंगी
साक्षीदार २: कांताबाई मनवर, अंगणवाडी सेविका, रा. फुलसावंगी

ठिकाण: फुलसावंगी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२०, मंगळवार