आईच्या गल्लीतली भरती

डेस्मंड,

आईच्या दारापुढे पाच पायऱ्या आहेत. गेल्या ऑक्टोबरात मोठ्या भरतीचं पाणी दुसरीवर थांबलं होतं. परवा तिसरी बुडाली.

तू केलेला चार्ल्सटनच्या सहलीचा बेत नीट वाचला. एकच बदल कर. शुक्रवारी सकाळी साडेनऊला भरती आहे, तेव्हा आईच्या गल्लीतून गाडी बाहेर निघणार नाही. किल्ल्याची बोट दुपारची घे. भेंडीचा रस्सा फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

रात्रपाळीहून येऊन तू झोपलास, तेव्हा आईशी बोलले. भरतीच्या वेळा सांगितल्या तर हसली. "पाणी काही तुझ्यासारखं कॉलेजात गेलेलं नाही, व्हर्नेल. त्याच्या मनात येईल तेव्हा येतं." आमच्याकडे सिनसिनाटीला राहायला ये म्हटलं, तर नेहमीचंच उत्तर, "मी टोपल्या विणते ते गवत तिकडे उगवतं का गं?"

तीन वर्षं या वाक्यावर मी फोन ठेवत आले. आज ठेवला नाही. तुझ्याआधी तिला सांगितलं, त्याबद्दल माफ कर. म्हटलं, "आई, रविवारी डेस्मंड परत जाईल. मी तुझ्याजवळ राहणार आहे."