उल्कावर्षावाची जय्यत तयारी

५ डिसेंबर
निर्णय झाला. तेराच्या रात्री उल्कावर्षाव. फोटो काढणार. पंधराला लेक पहिल्या नोकरीसाठी परगावी निघते आहे. तिथल्या भिंतीवर बापाने टिपलेली उल्का हवी. ती म्हणते, फोटो राहू दे बाबा, शेजारी पडून मोजायला ये, पुन्हा कधी जमेल कोण जाणे. मोजण्यात काय आहे? मोजलेलं माणूस विसरतं. फोटो राहतो.

६ डिसेंबर
ऑफिसात जाहीर केलं. हेडक्लार्क म्हणाला, ग्रुप फोटोत आमची सगळ्यांची मुंडकी उडवलीत, आता आकाशाची पाळी का? जळतात लोक.

८ डिसेंबर
ट्रायपॉड आणला. बायकोने विचारलं, आणि पोरीची बॅग? कलेला पहिला विरोध घरातूनच होतो. बॅग उद्या नक्की.

११ डिसेंबर
बॅग लेकीनेच आणली. चांगलंय. एकटं राहायचं तर सवय हवी.

१२ डिसेंबर, दुपारी
अंधारात फोकस जमत नाही म्हणे. म्हणून मी तो भरदिवसाच करून ठेवला! समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. तारखा लख्ख दिसल्या, तशी लेन्सच्या कडीला चिकटपट्टी मारली. आता हलायची बिशाद नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, कॅलेंडर दहा फुटांवर आहे, तारे जरा लांब असतात. अर्धवट ज्ञान.

१३ डिसेंबर, रात्री १०.४०
गच्ची. मायलेकी सतरंजीवर आडव्या. मला दर वीस सेकंदांनी बटण दाबायचंय.

११.१५
त्या ओरडल्या, ती बघ, ती बघ! मी स्क्रीन बघत होतो.

१२.०५
पुन्हा ओरडल्या. मी बॅटरी बदलत होतो. लेक म्हणाली, पाचच मिनिटं ये ना. म्हटलं, आलोच.

१.३०
ट्रायपॉडला माझाच पाय लागला. कॅमेरा आडवा. त्यात कुणीतरी जिन्यातला दिवा लावला. एक फ्रेम फुकट.

२.५०
त्यांच्या सदतीस उल्का. माझे चारशे बारा फोटो. सांगायला नकोच, कोण पुढे.

१५ डिसेंबर
लेकीला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून विचारत होती, तू किती पाहिल्यास? म्हटलं, घरी जाऊन बघतो.

१६ डिसेंबर
बघितले. चारशे अकरा फोटोंत कापसाचे बोळे. उल्का असलीच तर बोळ्यात. कंपनीने लेन्सच खराब दिली असणार.

एकच फोटो लख्ख आला, आडव्या पडलेल्या कॅमेऱ्यातला. दहा फुटांवरची सतरंजी. एका कडेला बायको, दुसऱ्या कडेला लेक, दोघींची बोटं वर, तोंडं उघडी. मधोमध एक उशी, नुसतीच. रचना कच्ची आहे, मधली जागा वाया गेली. तरी लेकीला पाठवला.

लगेच उत्तर आलं. छान आलाय, लावते भिंतीवर. ती उशी तुझ्यासाठी ठेवली होती, बाबा.

फोटो मोठा करून पाहिला. उशीच्या खोळीचा टाका न् टाका दिसतो. मोजत बसलो.