प्रेमापोटी दिलेला चेक

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आई गेल्यानंतर अकरा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. मग एकदम बेकरीत आलास, माझी मोडकी भट्टी बघितलीस आणि नवीन भट्टीसाठी चेक दिलास. सोबत सही केलेला कागद होता, 'धाकट्या बहिणीस प्रेमापोटी भेट.' तो मी चौकट करून गल्ल्यामागे लावला. गिऱ्हाइकांना बोट करून दाखवायचे.

आज कर खात्याचे साहेब आले. थकलेल्या कराची नोटीस तुला सोमवारी मिळाली होती आणि माझा चेक त्याच आठवड्यातल्या गुरुवारचा. नोटिशीनंतर कुणाला पैसे नुसते भेट दिले, तर ते कर चुकवायलाच दिले असं धरतात, म्हणून आता ते माझ्याकडून वसूल होणार. म्हणजे भट्टी जाणार.

"तुम्हाला कल्पना होती?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्या गुरुवारी तुझ्या खिशातून सरकारी लिफाफा डोकावत होता. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. विचारलं असतं, तर तू चहाही न पिता उठला असतास.

साहेबांना म्हटलं, भट्टी न्या, तेवढी चौकट राहू दे.

"बाई, तीच आधी लागेल," ते म्हणाले. "पुरावा आहे."

भिंतीवर आता नुसता खिळा आहे.

तुझी,
कागदावरची धाकटी बहीण