ट्रेलोरच्या शेडमधले फोर्क

लिहून ठेवणार: व्हर्ना मे हॅलेट, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्याचा, राहणार माउंट गॅम्बियर, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसे की, माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं गेलेलं नाही. हे मी माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाला किंवा गोडीगुलाबीला बळी न पडता लिहीत आहे. धाक घालणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि गोडीगुलाबी माझ्या मुलाला जमत नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझा नवरा रॉय जिवंत होता.

कलम १. माझं राहतं घर, दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर व मागच्या अंगणासह, मुलगा वॉरन यास पूर्ण मालकी हक्काने मिळावं. न्हाणीघराच्या छपराची गळती तो गेली अनेक वर्षं मान वर करून बघत आला आहे. आता ती त्याची झाली. मागची शेड मात्र माझी सून केरिन हिच्या ताब्यात ती जिवंत असेपर्यंत राहील, आणि तिथे गवत कापायचं यंत्र किंवा वॉरनच्या मासेमारीच्या काठ्या ठेवायला सक्त मनाई आहे.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून आधी माझ्या दहनाचा खर्च करावा. पेटी सर्वांत साधी घ्यावी. उरेल ते वॉरन आणि केरिन यांनी निम्मं निम्मं घ्यावं, आणि निम्मं म्हणजे निम्मंच.

कलम ३. माझी सर्व हत्यारं, लेथ आणि डब्यांतले नटबोल्ट केरिनला द्यावेत. वॉरन म्हणेल की बायकोने शाळेच्या कॅन्टीनमध्ये सँडविचं करायची सोडून हे काय आरंभलंय. तर त्याने हे ऐकावं. माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक धरणारा चिमटा मला हवा होता, रुंद, नंतरच्या मॉडेलचा. मी तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी माझा आवाज ऐकून भाव चढला. मग केरिनने फोन हातातून घेतला. बॅलराटचा भंगारवाला होता.

"अहो, तो चिमटा तुमच्याकडे दोन उन्हाळे पडून आहे," ती म्हणाली. "कोळ्यांनी त्यात संसार थाटलेत. मी कोळ्यांसकट घेते, बोला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि चिमटा आम्हाला परवडेल अशा भावात घरी आला. कोळी खरोखरच होते. त्या दिवसापासून गाडी कोणाची, हे माझ्या मनात पक्कं आहे.

कलम ४. माझी मोटारसायकल, एकोणीसशे सत्याऐंशीची सुझुकी साडेसातशे, निळी-पांढरी, केरिनला मिळावी. तिचं वर्णन नीट लिहिते, म्हणजे कोर्टात ओळख पटायला अडचण नको. मागचं चाक दुसऱ्या एका जळालेल्या मोटारसायकलचं आहे, कारण मूळ अठरा इंची चाकाला शर्यतीचे चांगले टायर आता कोणी बनवत नाही. सीटचा फोम म्हणजे तंबूत अंथरायची चटई. पाय ठेवायच्या पट्ट्या गिरणीच्या करवतीवरच्या जुन्या झाकणातून मी कापल्या. इंजिनातून उडणारं तेल जमा व्हायला रॉयचा थर्मास बसवलेला आहे. तो बघून पहिल्यांदा सगळे हसले, पण शर्यतीआधीच्या तपासणीत पास झाला. टाकीवरचा पोचा दुरुस्त करू नये. तो माझ्या गुडघ्याचा आहे आणि माझा गुडघा तिथे बरोबर बसतो. केरिनचाही बसतो, आम्ही बघितलं आहे.

ही गाडी विकायची नाही, दिवाणखान्यात उभी करायची नाही, तिच्यावर चादर घालायची नाही. आमच्या क्लबच्या ईस्टरच्या शर्यतीत ती धावली पाहिजे. शेवटून पहिली आली तरी चालेल.

कलम ५. वॉरनने मेलबर्नचा एक संग्राहक गाठलेला आहे.

"आई, गाडी मूळ रूपात करून दिली तर तो माणूस ताबडतोब घ्यायला तयार आहे," तो मागच्या रविवारी म्हणाला.

"मूळ रूपात? तुझं पोट बघ जरा. तू तरी मूळ रूपात राहिलायस का?"

"तसंही ती तपासणीत नापास झालीय. नुसती उभीच राहणार ना शेडमध्ये?"

पोराने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तरीही त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. गाडीवरून काढलेला प्रत्येक मूळ भाग मी माळ्यावर खोक्यांत जपून ठेवलेला आहे. चाकं, सायलेन्सर, आरसे, दिवे, सगळं. ही खोकी वॉरनला द्यावीत. त्या संग्राहकाला ती सोन्यासारखी वाटतील. ते दोघे एकमेकांना लखलाभ होवोत.

कलम ६. आता नापास का, ते. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे पडले आहेत, ऑइल सील कितीही बदला, तेल गळून ब्रेकवर जातं. ऑक्टोबरात तपासनीसाने बोट फिरवून मला दाखवलं. "व्हर्ना, ही मी ट्रॅकवर सोडू शकत नाही," म्हणाला. बरोबर म्हणाला. मीही सोडली नसती.

चांगले फोर्क या गावातच आहेत. कॉलिन ट्रेलोर याच्या शेडमध्ये आहेत, आणि ते माझे आहेत.

आमच्या गावात क्लेम शिर्मरचं मोडक्या गाड्यांचं आवार होतं. तिथे पावतीबिवती नव्हती. हव्या त्या भागावर खडूने आपली दोन अक्षरं लिहायची आणि पगाराच्या शुक्रवारी येऊन न्यायचा. दुसऱ्याच्या खडूला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे एक नवी सुझुकी आली, मागून चेपलेली, पुढून धडधाकट. मी तिच्या फोर्कवर व्ही. एच. लिहिलं. मधे दोन दिवस पाऊस झाला. शुक्रवारी गेले तर फोर्क ट्रेलोरच्या गाडीच्या डिकीत. "नाव नव्हतं," म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला. ज्याच्याबरोबर मी बारा वर्षं शर्यतीला एका ट्रेलरवरून गाडी नेली, एका डब्यातली खिमा भरलेली पेस्टी खाल्ली, तो माणूस.

मग मीही त्याच पगारात त्या सांगाड्याचं बाकीचं सगळं पुढचं उचललं. फोर्क ज्यात आवळून बसतात ती वरची-खालची टी, चाक, चाकाची आस, ब्रेक. आता घाल म्हटलं फोर्क कशात घालतोस ते. टी मी लेथवर माझ्या गाडीला जुळवूनही घेतली. तेव्हापासून त्याच्याकडे टीशिवाय फोर्क आहेत आणि माझ्याकडे फोर्कशिवाय टी. दोघांनीही जुन्या, लडबडणाऱ्या पुढच्या चाकावर शर्यती काढल्या आणि एकमेकांच्या मागेपुढे हरलो. एक शब्द बोललो नाही. दुसरी जोडी मिळाली नसती असं नाही. एक आली होती, ती वाकडी निघाली. पुढे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले. आणि खरं सांगायचं तर मला तेच हवे होते.

म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी केरिनला नेमते, आणि तिला आज्ञा आहे की, माझ्या दहनानंतर, लोक चहा पीत असतानाच, तिने ट्रेलोरला बाजूला घेऊन फोर्क मागावेत. जिवंतपणी मी मागणार नाही. पण मेलेल्या बाईला नाही म्हणायला त्याची जीभ रेटणार नाही.

कलम ७. सदर कॉलिन ट्रेलोर यास माझ्या मालमत्तेतून खडूचा एक डबा द्यावा. पांढरा. दुसरं काहीही देऊ नये.

कलम ८. हे कलम आज, सह्यांच्या दिवशी, जोडत आहे.

काल केरिनने वरचा मसुदा वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"म्हणजे गाडी धावायची तर आधी तू मरायला हवंस?"

"इतकी घाई नाही. पुढच्या ईस्टरला धावेल."

"आणि तू ती बघणार कधी, व्हर्ना?"

मी चहा ठेवला. चहा होईतो तिची गाडी फाटकाबाहेर गेलेली होती. व्यवस्थापकाने मृत्युपत्रातलं काम मालक मरायच्या आधीच उरकायचं ठरवलं होतं.

आज सकाळी ट्रेलोर मागच्या दाराने आला. केवढा म्हातारा झालाय. दोन्ही गुडघ्यांनी वाकडा चालत, खांद्यावर घोंगडीची गुंडाळी घेऊन. टेबलावर ठेवली, बसला नाही.

"तुझी सून म्हणाली, तू मेल्यावर द्यायचे आहेत," तो म्हणाला. "मला तेवढं थांबायचं नाही."

"नाव नव्हतं ना त्यावर?"

"उलगडून बघ."

उलगडले. खालच्या नळीवर, आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचला नसेल, तिथे माझी दोन अक्षरं होती. त्यांच्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात मारलेला होता.

"घरी आणून पुसायला घेतले तेव्हा दिसलं," तो म्हणाला. "परत द्यायला निघालो, तर क्लेम म्हणाला, व्हर्नाने टी नेली, चाक नेलं, सगळं नेलं. मग माझंही डोकं फिरलं. पण पुसू शकलो नाही, व्हर्ना. खडू आहे, हात लागला तरी जाईल, म्हणून वॉर्निश मारलं."

मी रडले. इथे लिहून ठेवते, कारण वॉरनला खोटं वाटेल. मग म्हणाले, "उभा काय राहिलास, ती टी धर." सील आणि तेल केरिनने तिथेच बदललं. वंगणाचं बोटही न लावता फोर्क टीमध्ये सरकले. आस त्याने घातली, बोल्ट केरिनने आवळले, मी खुर्चीत बसून दोघांच्या चुका काढल्या.

सबब कलम ६ मधली आज्ञा रद्द, फोर्क आता गाडीचाच भाग समजावेत. ती दोन अक्षरं कोणी घासू नयेत. याच ईस्टरला केरिन गाडी चालवणार आहे, आणि मी वळणाजवळच्या कुंपणापाशी खुर्ची टाकून बसणार आहे. डॉक्टरांनी बाहेरच्या धुळीला मनाई केली आहे. ती मनाई मी ईस्टरपुरती नामंजूर करते.

कलम ७ कायम.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केलेली आहे.

सही: व्हर्ना मे हॅलेट

साक्षीदार:
१. इल्झा कोवाच, शेजारीण
२. बर्नार्ड टिल्ली, वकीलबाईंचे कारकून

ठिकाण: माउंट गॅम्बियर. तारीख: ७ मार्च २०२४.

नोंद: कॉलिन ट्रेलोर हजर होता आणि साक्षीदार म्हणून सही करायला तयार होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. सही की खडू, असं मी त्याला विचारलं. त्याने खडू घेतला.