आत्याच्या डिटेक्टरचा निकाल

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे विचारलं की तू "जागेवर आहे" म्हणतेस, म्हणून या वेळी फक्त तू कशी आहेस एवढंच विचारते. इकडे सगळे ठीक. फोनवर सांगायची छाती होईना, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात मी कळवलं, की आमच्या प्रयोगशाळेत रेडिओवर मिसळलेले संदेश वेगळे काढायच्या चाचणीत तुझा डिटेक्टर पहिला आला, संदेशाच्या लाख अंकांत एकही चूक नाही. तू म्हणे अख्ख्या गल्लीचं तोंड गोड केलंस (सहा वर्षं अबोला धरलेल्या शिंप्याचंसुद्धा). आत्या, रागावू नकोस. त्या दिवशी खरखर निर्माण करणाऱ्या यंत्राचं बटणच मी दाबलं नव्हतं. तीन डिटेक्टरांपैकी एक अगदीच भाबडा, सगळ्यांचंच ऐकणारा, तो तसाही नापास झाला. पण तुझा आणि तिसरा दोघेही बिनचूक होते. मी आपलं तुझ्यापुरतंच कळवलं.

परवा बटण दाबून पुन्हा बसले. चौघं एकदम बोलतायत, चार अँटेना ऐकतायत, आणि कोण काय म्हणालं ते नुसत्या गुणाकार-बेरजेनं वेगळं काढायचं. मला तर अजूनही ही जादूच वाटते. तुझा डिटेक्टर थेट तुझ्या वळणावर गेलाय, एकाचं ऐकताना दुसऱ्याचा शब्द मध्ये येऊ देत नाही. पण दुसऱ्यांना हाकलता हाकलता खरखर मात्र वाढवून ठेवतो. लाखात सहा हजार चुका! तिसरा, मी जुळवलेला, दुसऱ्यांचं थोडंफार कानावर येऊ देतो, म्हणून खरखर फारशी वाढवत नाही. त्याच्या अडीच हजार. तुझ्याला दिला तोच संदेश, तीच खरखर देऊन पुन्हा मोजलं. अडीच हजारच. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. तुझी वीस वर्षांची मेहनत हरली आणि माझ्या अंगावर आनंदानं काटा आला, याची लाज वाटते.

शुक्रवारी अहवालावर सही करायची आहे. जो पहिला तो बोटींच्या रेडिओत बसणार, बाकीचे कपाटात.

तुझी,
भाची

ता. क. : खरं काम राहिलंच. तिसरा माझ्या डोक्यातला नाही. तुझ्या जुन्या वहीत तुझ्याच सूत्रात तू खरखरीच्या मापाची एक बेरीज धरली होतीस, मग लाल शाईनं खोडून शेजारी लिहिलंस, "एवढी मोकळीक नको." मी फक्त ती बेरीज परत घेतली. तिसऱ्याचीही निर्माती म्हणून तुझं नाव घालायला लेखी परवानगी हवी आहे.

ता. क. २ : परवानगीसाठी थांबले नाही, सही आज सकाळीच केली. पहिली तू आणि दुसरीही तूच. आता भांडायचं तर स्वतःशीच भांड.