ज्ञानेशचा एकच शब्द

इनामगाव, ता. शिरूर
फेब्रुवारी २००३

प्रिय शायना,

तुझं पत्र मिळालं. तिकडं बर्फ पडतोय आणि अम्मींनी दिलेली गोधडी कामाला आली, हे वाचून बरं वाटलं. अम्मी परवा शिरूरच्या बाजारात भेटल्या. माझा हात सोडेचनात. सारख्या म्हणत होत्या, आता तुझा ज्ञानेश बोलंल बघ. मी मान हलवली आणि भाजी घ्यायचीच विसरले.

आमच्याकडं कांदा काढायला आलाय, बाकी सगळं तेच. पुण्याच्या डॉक्टरांनी ज्ञानेशला स्वमग्न म्हटलं, तेव्हा हे खूश झाले होते ते आठवतं का तुला? मग्न म्हणजे चांगलंच की, असं वाटलं यांना. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि परतीच्या एसटीत यांनी ज्ञानेशला मांडीवरून उतरू दिलं नाही. मग किती डॉक्टर झाले, किती अंगारे झाले. शेवटी तूच कळवलंस, की तिकडं परदेशात तुमच्या गावात अशा मुलांचं केंद्र आहे, पण आपणहून माणसांकडं वळतात त्याच मुलांना ते घेतात. मुलाची कॅसेट पाठवा म्हणालीस.

कॅसेट काढणार कोण, तर शिरूरचा फिरोज, लग्नांचं शूटिंग करतो तो. त्यानं ज्ञानेशला अंगणात, गोठ्यात, विहिरीपाशी सगळीकडं टिपलं, आणि सवयीनं शेवटी गुलाब उमलवून 'आपले नम्र' म्हणून आमची नावं टाकली. हे जाम चिडले. पण पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि तू पाकीट न फोडता केंद्रात दिलंस. एकदा लावून बघितली असतीस तर, असं आता मनात येतं.

तुझं पत्र यांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. केंद्रानं ज्ञानेशला घेतलं, कारण शूटिंग करणाऱ्या माणसाकडं बघून तो आपणहून 'हाय' म्हणतो, परत परत म्हणतो. अनोळखी माणसाशी असं बोलू बघणारं मूल हमखास सुधारतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "हाय म्हंतो म्हंजी? काय हाय?" हे हसले. "आये, इंग्रजीत रामराम घालत्यात तसा." मीही हसले आणि गोठ्यात निघून गेले. सकाळीच टाकलेली वैरण पुन्हा टाकत बसले.

तो शब्द कुठून आला ते मला माहीत आहे, शायना. मागच्या दिवाळीआधी ज्ञानेश घोड नदीकाठच्या उसात हरवला. हाकेला तो ओ देत नाही, हे तू बघितलंयस. हे रांजणगावला कंपनीत पाळीवर होते. सगळी वस्ती उसात शिरली. "हाय का रं तिकडं?" कोणी विचारायचं, आणि सगळीकडून "न्हाई" यायचं. नदी एवढी जवळ, माझं तर डोकंच चालेना. मग शेजारच्या मळ्यातले महबूबचाचा पाटाकडून ओरडले, "हाय! हाय, हितं हाय!" त्याला खांद्यावर घेऊन आले, तर वाटेत जो तो विचारतोय, "हाय का?" आणि चाचा सांगतायत, "हाय, हाय." तेव्हापासून कोणी टक लावून बघितलं, की ज्ञानेश म्हणतो, हाय. त्याला वाटतं, हा माणूसही आपल्यालाच शोधतोय. फिरोजच्या कॅमेऱ्याला त्यानं तेच सांगितलं.

हे त्या दिवशी इथं असते तर यांनाही कळलं असतं. आता रोज कामावरून आले की पायही न धुता त्याच्यासमोर बसतात आणि "हॅलो" म्हणतात. तो म्हणतो, हाय. मग यांचा चेहरा बघवत नाही गं. कंपनीत पेढे वाटून झाले. पासपोर्टच्या फोटोत ज्ञानेश भलतीकडंच बघतोय, तरी हे तो फोटो खिशात घेऊन हिंडतात. रोज ठरवते, आज सांगू, आणि रोज नुसतं ताट वाढते.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. तू त्या डॉक्टरांना जाऊन सांग. माझं इंग्रजी तेवढं नाही. गप्प बसावं, जागा मिळतेय तर घ्यावी, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथं तो हाय म्हणेल, ती माणसं हसून हाय म्हणतील आणि आपल्या कामाला लागतील. मी सापडलो, असं तो सांगतोय, हे तिथं एकालाही कळणार नाही. त्यांना सांग, तो कुणाला रामराम घालत नाही. एवढं कळूनही बोलावलं, तर आम्ही धावत येऊ. नाही म्हणाले, तर फोन दुपारी कर, हे तेव्हा कंपनीत असतात. फोन मी घेईन, आणि यांना मीच सांगेन.

तुझीच,
राजनंदिनी