पुट ऑफ, पुट ऑन आणि आपली वृषाली

नारायणगाव,
१२ मार्च २००३

तीर्थरूप रखमाजी मामांस,
जावई संपत याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता बरा असेल आणि सौ. मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे आपली वृषाली खुशाल आहे, माझं खाली लिहितो).

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचे मालक पौषात म्हणाले, की हॉलंडच्या साहेबाशी जो इंग्रजीत बोलेल त्याला कायमचा सुपरवायझर करणार. सात वर्षं मी हंगामीच राहिलोय, म्हणून लगेच पुण्याहून पुस्तक मागवलं. मामा, बाकीची इंग्रजी एकवेळ परवडली, पण त्यातली ती जोडक्रियापदं! एकटा 'पुट' अगदी गरीब दिसतो. त्याच्यामागे 'ऑन' लागला की कपडे चढवतो, 'ऑफ' लागला की काम लांबणीवर टाकतो, आणि 'अप' आणि 'विथ' असे दोघे मागे लागले की निमूट सहन करतो. (हे शेवटचं मला लगेच पाठ झालं.)

सगळी यादी मी देवनागरीत वहीत उतरवली. रोज सकाळी वृषालीनं भाकरी थापता थापता वहीत बघून विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. मी फार चुकायचो, त्यामुळे तिला फार वेळा विचारावं लागलं. इथंच माझा घात झाला, पण तेव्हा ध्यानात आलं नाही.

गेल्या सोमवारी साहेब आला. माल का थांबलाय म्हणाला. खोकी संपलीत, एवढंच सांगायचं होतं. मला सगळी क्रियापदं एकदम आठवली आणि कुठल्यामागे काय लागतं तेच कळेना. मी नुसता हसलो. मागे बायका घड साफ करत बसल्या होत्या, त्यांतून वृषाली उठली. कात्री हातातच. पदर सावरून म्हणाली, "सर, वुई रॅन आउट ऑफ बॉक्सेस. वुई विल कॅच अप टुडे." (म्हणजे मागं पडलेलं काम आज भरून काढू.) साहेब तासभर तिच्याशीच बोलला आणि मी मागून द्राक्षांचं क्रेट धरून फिरलो.

सुपरवायझर ती झाली, तूर्त या हंगामापुरती. रागानं मी दोन दिवस जेवलो नाही (दुसऱ्या दिवशी थोडं जेवलो). मग मात्र अभिमानच वाटला, खरं सांगतो. हल्ली भाकऱ्या मी थापतो. त्यांचा आकार विचारू नये.

आपला,
संपत

ता. क. : पत्राचं मूळ कारण लिहायचं राहिलंच. कायम व्हायला दहावी लागते म्हणे. वृषाली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणार आहे. मामी आजारी पडल्या तेव्हा तिला सातवीतून काढलं, त्या शाळेचा दाखला आपल्या पेटीत असेल. तेवढा पोस्टानं पाठवावा.

आणखी एक ता. क. : वृषालीनं पत्र आत्ताच वाचलं. भाकऱ्यांपर्यंत हसली, मग तिनं दाखल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. आपल्याविषयी म्हणाली, "पोस्टानं नगं. शाळंतनं नाव काढाया दादा सोता गेलं व्हतं, दाखला बी त्येंनी सोता आणून द्यावा."